विश्लेषण : गांधीजींबरोबर कलकत्त्यात असलेला हा 'पक्षीवेडा' इंग्रज कोण? हॉरेस अलेक्झांडर यांच्या शंभर वर्षांची गोष्ट

१३ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम दोन दिवस उरले होते. कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागातल्या 'हैदरी मंझिल' या जुनाट घरात महात्मा गांधी राहायला आले आणि बाहेर संतप्त तरुणांचा जमाव गोळा झाला. गेल्या वर्षीच्या दंगलीत आम्ही मरत होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात, असा त्यांचा सवाल होता. घोषणा झाल्या, दगड आले, खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्या वेळी गांधीजींसोबत ५८ वर्षांचे एक इंग्रज गृहस्थ होते. हॉरेस गंड्री अलेक्झांडर.

ते ना व्हाइसरॉयचे अधिकारी होते, ना कुठल्या वृत्तपत्राचे बातमीदार. इंग्लंडमधल्या एका छोट्या संस्थेत त्यांनी २५ वर्षे शिकवले होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथावर त्यांची नितांत श्रद्धा होती आणि वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांना पक्षी पाहण्याचा नाद होता. १८ एप्रिल १८८९ रोजी जन्मलेले अलेक्झांडर ३० सप्टेंबर १९८९ रोजी, शंभरी पूर्ण करून गेले. भारत सरकारने १९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. तरीही त्यांचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही.

शांततेचे काम आणि पक्ष्यांचा छंद या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा नांदल्या, त्यांच्या मध्यस्थीने काय साधले, काय नाही आणि तरुणपणी त्यांनी भावासोबत काढलेला एक नकाशा आजही का महत्त्वाचा आहे, ते पाहू या.

क्वेकर म्हणजे नेमके कोण?

अलेक्झांडर यांना समजून घ्यायचे तर आधी त्यांचा पंथ समजून घ्यावा लागतो. सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्स या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने इंग्लंडमध्ये हा पंथ उभा राहिला. त्याचे अधिकृत नाव 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स', म्हणजे मित्रांचा धर्मसमाज. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे. हे नाव विरोधकांनी चेष्टेने ठेवले आणि तेच रूढ झाले.

क्वेकरांचे चर्च नेहमीच्या चर्चसारखे नसते. इंग्लंडमधल्या परंपरेत ना वेदी असते, ना पाद्री, ना ठरलेल्या प्रार्थना. साध्या खोलीत लोक एकत्र येतात आणि साधारण तासभर शांत बसतात. कुणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उठून बोलतो आणि पुन्हा बसतो. कुणीच बोलले नाही तरी उपासना पूर्ण झाली, असेच मानतात.

निर्णय घेण्याची त्यांची पद्धतही वेगळी आहे. बैठकीत मतदान होत नाही. सगळ्यांचे ऐकून झाले की बैठकीचा चिटणीस सर्वांना मान्य होईल असा मजकूर तिथेच लिहितो आणि वाचून दाखवतो. कुणाची गंभीर हरकत असेल तर चर्चा पुढे चालते. बहुमत असले म्हणून अल्पमत दडपायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व.

या पंथाची सर्वात ठळक ओळख म्हणजे युद्धाला विरोध. शस्त्र हाती घेणार नाही, असे निवेदन क्वेकरांनी १६६०-६१ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याला दिले होते. गुलामगिरीविरोधी चळवळीत आणि तुरुंग सुधारणांतही ते पुढे होते. १९४७ चा शांततेचा नोबेल पुरस्कार क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकी सेवासंस्थांना मिळाला. 'कॅडबरी' हे चॉकलेटमधले घराणेही क्वेकरच. हॉरेस यांनी ज्या 'वुडब्रुक' संस्थेत शिकवले, ती बर्मिंगहॅमजवळ जॉर्ज कॅडबरी यांच्या घरातच १९०३ मध्ये सुरू झाली होती.

घरात अफूविरोध, बागेत पक्षी

हॉरेस यांचा जन्म लंडनजवळच्या क्रॉयडनचा. वडील जोसेफ गंड्री अलेक्झांडर हे वकील. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारतात पिकणारी अफू चीनला विकण्याच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे काम केले. साम्राज्याच्या तिजोरीत भर घालणारा हा धंदा अनैतिक आहे, असे इंग्लंडमध्ये राहून ठणकावून सांगणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यामुळे 'भारत' हा शब्द घरात लहानपणापासून कानावर होता आणि तोही सरकारच्या चुकीच्या संदर्भात.

घरातले दुसरे वेड होते निसर्गाचे. थोरले भाऊ विल्फ्रेड आणि ख्रिस्तोफर दोघेही पक्षी पाहायचे. आठ वर्षांच्या हॉरेसला भावाकडून निसर्गावरचे एक पुस्तक मिळाले आणि तोही त्यांच्यात सामील झाला. विल्फ्रेड पुढे नामवंत पक्षीतज्ज्ञ झाले. समुद्री पक्ष्यांवरचे त्यांचे 'बर्ड्स ऑफ द ओशन' हे पुस्तक १९२८ मध्ये आले. ऑक्सफर्ड विद्यापीठातले पक्षीशास्त्राचे ग्रंथालय आज 'अलेक्झांडर लायब्ररी' म्हणून ओळखले जाते, ते त्यांच्याच नावाने.

ख्रिस्तोफर हॉरेसपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. या दोघांनी मिळून जे केले, ते पक्षी मोजण्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

तो १९०९ चा नकाशा काय होता?

त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुतेकदा बंदूक चालवणे, अंडी गोळा करणे आणि पेंढा भरलेले नमुने कपाटात ठेवणे. एखाद्या रानात अमुक पक्षी 'विपुल' आहे किंवा 'तुरळक' आहे, असे मोघम लिहिले जाई. विपुल म्हणजे किती, हे कुणी सांगत नसे.

ख्रिस्तोफर आणि हॉरेस यांनी १९०९ मध्ये 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकात एक लेख लिहिला. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या विणीच्या जागा नकाशावर कशा नोंदवाव्यात, हा त्याचा विषय. हॉरेस तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते.

कल्पना सोपी होती. विणीच्या हंगामात नर पक्षी गातो तो केवळ मादीसाठी नाही. 'ही माझी हद्द आहे' असेही तो इतर नरांना बजावत असतो. म्हणून गाणारा नर जिथे ऐकू येईल ती जागा नकाशावर टिपायची. काही दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने जायचे आणि पुन्हा टिपायचे. असे हंगामभर करायचे.

समजा, एका टेकडीवर आठ फेऱ्या झाल्या. नकाशावर ठिपकेच ठिपके दिसू लागतात. पण नीट पाहिले तर ते विखुरलेले नसतात, त्यांचे पुंजके झालेले असतात. एक पुंजका म्हणजे साधारण एका नराची हद्द. दोन नर एकाच वेळी वेगवेगळ्या जागी गाताना ऐकू आले, तर त्या दोन हद्दी वेगळ्या हे पक्के. पुंजके मोजा, की त्या टेकडीवर किती नरांनी ठाण मांडले आहे याचा अंदाज हाती येतो. बंदूक नको, जाळे नको. कान, पेन्सिल, नकाशा आणि पुन्हा पुन्हा तिथे जाण्याची चिकाटी एवढे पुरे.

यातली अडचणही समजून घ्यायला हवी. 'चिफचॅफ' आणि 'विलो वॉर्बलर' हे दोन पक्षी दिसायला इतके सारखे की दुर्बिणीतूनही गफलत होते. आपल्याकडे ज्यांना वटवट्या म्हणतात, त्यांचेच हे भाऊबंद. आवाज मात्र अगदी वेगळे. चिफचॅफ आपले नाव घेतल्यासारखा दोन सुरांत तेच ते घोकत राहतो, तर विलो वॉर्बलरची लकेर वरून खाली उतरत जाते. ज्याचा कान तयार नाही त्याचा नकाशा चुकणारच. वटवट्या कुळातल्या या छोट्या, फसव्या पक्ष्यांची ओळख हा हॉरेस यांचा आयुष्यभराचा आवडता विषय राहिला.

पुढे हीच पद्धत 'टेरिटरी मॅपिंग' या नावाने पक्षीगणनेचा पाया ठरली. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने १९६२ ते २००० या काळात चालवलेल्या 'कॉमन बर्ड्स सेन्सस'मध्ये हौशी निरीक्षक ठरलेल्या जागी दर हंगामात आठ-दहा फेऱ्या मारत आणि असेच नकाशे भरत. शेती बदलली तसे शेतातले पक्षी कसे घटत गेले, हे ब्रिटनला आकड्यांत कळले ते या नोंदींमुळे.

पहिल्या महायुद्धात काय घडले?

यॉर्कमधली 'बूथम' ही क्वेकर शाळा आणि मग केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, असे हॉरेस यांचे शिक्षण झाले. १९१२ मध्ये त्यांनी इतिहासाची पदवी घेतली. दोनच वर्षांत युद्ध पेटले.

ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू केली. कायद्यात एक पळवाट नव्हे, पण एक दार ठेवलेले होते. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लढणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांना स्थानिक न्यायाधिकरणापुढे उभे राहून ते सिद्ध करावे लागे. सुमारे १६ हजार जणांनी ही वाट धरली. त्यांच्या वाट्याला 'भेकड' म्हणून हेटाळणी आली आणि हजारोंना तुरुंगही पाहावा लागला. हॉरेस यांना शिक्षकाचे काम करण्याच्या अटीवर लढण्यातून सूट मिळाली.

ख्रिस्तोफर मात्र सैन्यात दाखल झाले. युद्धाआधी ते रोममधल्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेत काम करत होते. ऑक्टोबर १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पाशेन्डेलच्या लढाईत ते मारले गेले. वय अवघे तीस.

एकाच घरातले, एकाच श्रद्धेत वाढलेले, एकाच नकाशावर ठिपके टिपणारे दोन भाऊ. एकाने बंदूक नाकारली, दुसऱ्याने ती उचलली. युद्धविरोध ही हॉरेस यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट राहिली नव्हती. बरोबर रानात फिरणारा जोडीदार त्यांनी युद्धातच गमावला होता.

युद्धानंतर, १९१९ पासून १९४४ पर्यंत त्यांनी वुडब्रुकमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवला. राष्ट्रसंघाच्या माध्यमातून देशादेशांतली भांडणे चर्चेने कशी सुटतील, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. सुटीच्या दिवशी बर्मिंगहॅम परिसरात पक्षी पाहणे चालूच होते. आजच्या 'वेस्ट मिडलँड बर्ड क्लब'च्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे.

गांधीजींशी गाठ कशी पडली?

१९२७-२८ मध्ये हॉरेस पहिल्यांदा भारतात आले, ते वडिलांचाच अपुरा विषय घेऊन. त्यांना आशियातल्या अफूच्या प्रश्नाचा अभ्यास करायचा होता. मार्च १९२८ मध्ये ते साबरमती आश्रमात गेले आणि गांधीजींना भेटले. प्रवासातले अनुभव त्यांनी 'द इंडियन फरमेंट' या १९२९ च्या पुस्तकात मांडले.

दोघांना जोडणारे बरेच काही होते. अहिंसा तर होतीच, पण मौनही होते. गांधीजी सोमवारी मौन पाळत. दर आठवड्याला सामूहिक शांततेत बसण्याची सवय असलेल्या क्वेकराला त्यात काही विचित्र वाटण्याचे कारण नव्हते.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते आणि सरकार व काँग्रेस यांच्यातला संवाद तुटल्यात जमा होता. अशा वेळी इंग्लंडमधल्या क्वेकरांनी हॉरेस यांना भारतात पाठवले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि राष्ट्रीय चळवळ यांच्यात बोलणे सुरू व्हावे, हा हेतू होता. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. त्याचे श्रेय एका माणसाचे नाही. अनेक जण दोन्हीकडचे दरवाजे ठोठावत होते आणि हॉरेस त्यांतले एक होते.

त्याच वर्षी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये ते वुडब्रुकलाही जाऊन आले. परिषद अपयशी ठरली, पण तिच्या निमित्ताने 'इंडिया कन्सिलिएशन ग्रुप' हा गट उभा राहिला. अगाथा हॅरिसन या त्याच्या चिटणीस आणि हॉरेस त्यातले एक प्रमुख कार्यकर्ते. गटाचे काम दिसायला साधे होते. खासदारांना भेटायचे, मंत्र्यांना पत्रे लिहायची, भारतीय नेत्यांचे म्हणणे लंडनमध्ये आणि लंडनचे म्हणणे भारतात पोहोचवायचे. फोटो काढण्यासारखे त्यात काही नव्हते.

सेवाग्राम ते बंगालचा दुष्काळ

१९४२ हे वर्ष हॉरेस यांच्यासाठी कठीण होते. त्यांची पत्नी ऑलिव्ह यांचे त्या वर्षी निधन झाले. १९१८ पासूनचा संसार संपला. त्याच वर्षी ते 'फ्रेंड्स अॅम्ब्युलन्स युनिट' या क्वेकरांच्या मदतपथकासोबत पुन्हा भारतात आले. शस्त्र न उचलता युद्धातल्या जखमींची आणि नागरिकांची सेवा करायची, यासाठी हे पथक पहिल्या महायुद्धात सुरू झाले होते.

जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत पोहोचले होते. कलकत्त्यावर बॉम्ब पडण्याची भीती होती. पथकाला तिथे नागरी संरक्षणाचे काम करायचे होते. पण ते सरकारच्या हाताखालचे पथक आहे, असा भारतीयांचा समज होऊ नये म्हणून काँग्रेस नेत्यांशी बोलणे गरजेचे होते. हॉरेस आणि त्यांचे तरुण सहकारी रिचर्ड सायमंड्स वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन गांधीजींना भेटले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला आणि गांधीजींसह सगळे नेते गजाआड गेले.

बॉम्बपेक्षा मोठे संकट वेगळ्याच दिशेने आले. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात २० ते ३० लाख लोक दगावल्याचा अंदाज आहे. हवाई हल्ल्यांसाठी आलेले हे पथक अन्नवाटप आणि मदतकार्याला लागले. भारतातली परिस्थिती ब्रिटिश वाचकांना कळावी म्हणून हॉरेस यांनी १९४४ मध्ये 'इंडिया सिन्स क्रिप्स' हे पुस्तक लिहिले.

ऑगस्ट १९४७ मध्ये काय झाले?

१९४६ मध्ये ब्रिटिश मंत्र्यांचे 'कॅबिनेट मिशन' दिल्लीत आले, तेव्हा हॉरेस आणि अगाथा हॅरिसन तिथे अनौपचारिक दुवा म्हणून धडपडत होते. ती योजना कोसळली. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भयानक दंगल झाली आणि फाळणी अटळ होत गेली.

वर्षभराने हॉरेस हैदरी मंझिलमध्ये होते. गांधीजींनी बंगालचे मुस्लिम लीगचे नेते एच. एस. सुऱ्हावर्दी यांना सोबत राहायला बोलावले होते. १३ तारखेला दगड फेकणाऱ्या तरुणांशी गांधीजी बोलत राहिले. १४ च्या संध्याकाळी हिंदू आणि मुस्लिम एकत्र मिरवणुकीने रस्त्यावर आले. १५ ऑगस्टला दिल्लीत रोषणाई होती आणि गांधीजी कलकत्त्यात उपवास, प्रार्थना आणि सूतकताई करत होते. तो दिवस जवळून पाहणाऱ्या मोजक्या इंग्रजांपैकी हॉरेस एक.

ही शांतता फार टिकली नाही. महिनाअखेर पुन्हा हिंसा उसळली. गांधीजींनी १ सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि शहर शांत झाल्यावरच ते सोडले.

पंजाबात मात्र आग विझत नव्हती. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून सीमेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होती. अशा वेळी भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सरकारांनी हॉरेस आणि सायमंड्स यांना निर्वासितांच्या स्थलांतरावर लक्ष ठेवणारे निरीक्षक म्हणून नेमले. नवे शेजारी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नसताना या दोघांचा शब्द दोघांनाही चालत होता. छावण्यांची स्थिती पाहायची, काफिल्यांची सुरक्षा पाहायची आणि जे दिसेल ते दोन्हीकडे सारखेच सांगायचे, असे हे काम होते. त्यात सायमंड्स यांना विषमज्वर झाला. दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये त्यांची शुश्रूषा झाली आणि गांधीजींनी स्वतः त्यात लक्ष घातले.

मग मध्यस्थी यशस्वी झाली का?

हिशेब मांडला तर उत्तर सरळ आहे. गोलमेज परिषद फसली, कॅबिनेट मिशन फसले, फाळणी झाली, लाखो माणसे मेली. हॉरेस यांच्यासारख्यांच्या सदिच्छांनी यातले काही थांबले नाही. शांततावाद्यांवर 'भाबडे' असा शिक्का बसतो तो अशाच हिशेबांमुळे.

पण मध्यस्थाचे काम करार झाला की नाही, एवढ्यावरच मोजता येत नाही. करार सत्ता असलेले लोक करतात. मध्यस्थाच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे विश्वास. हॉरेस यांनी १९२८ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षे दोन्ही बाजूंचे ऐकले. त्यामुळेच ऐन रक्तपाताच्या दिवसांत दोन देशांना चालतील अशी जी थोडी नावे उरली होती, त्यांत त्यांचे नाव होते. निर्वासितांच्या छावणीतून आलेला अहवाल खरा मानला जाणे, ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती.

इथे त्यांचा छंद आणि त्यांची श्रद्धा एकमेकांना भेटतात. पक्षीनिरीक्षकाला पहिली सवय लावावी लागते ती गप्प राहण्याची. दुसरी सवय, आपल्याला जे दिसावेसे वाटते ते न लिहिता जे दिसले तेच लिहिण्याची. क्वेकर बैठकीचा चिटणीसही तेच करतो.

दिल्लीच्या पक्ष्यांना काय मिळाले?

स्वातंत्र्यानंतर हॉरेस काही वर्षे दिल्लीत राहिले. यमुनेचा काठ, आसपासची तळी आणि माळराने हा पक्षीप्रेमींसाठी खजिनाच होता. मध्य आशिया आणि हिमालयातून हिवाळ्यात उतरणारे वटवट्यांसारखे पक्षी त्यांना नवे आव्हान होते.

१९५० मध्ये 'दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी' सुरू झाली. हॉरेस तिच्या संस्थापकांपैकी एक होते. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून काम करत होती, सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आले होते. राजधानीत मात्र हौशी निरीक्षकांचा असा गट नवा होता. त्याच्या सुरुवातीच्या सदस्यांत एक नाव होते इंदिरा गांधी. त्यांना पक्षीनिरीक्षणाची गोडी होती आणि त्या या गटासोबत पक्षी पाहायला जात. पुढे त्या पंतप्रधान असताना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. याचे श्रेय कुठल्या एका सहलीला देणे बरोबर नाही. पण निसर्गाकडे पाहण्याची त्यांची नजर घडत असताना या गटाची सोबत होती, एवढे नक्की.

या गटातल्या उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. हौशी माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून एका शहराचा पक्षी-इतिहास कसा उभा राहतो, त्याचे ते उदाहरण.

शेवटची वर्षे

१९५८ मध्ये हॉरेस यांनी रिबेका ब्रॅडबीअर या अमेरिकी क्वेकर महिलेशी विवाह केला. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. काही वर्षांनी दोघे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात राहायला गेले. गांधीजींवरचे त्यांचे 'गांधी थ्रू वेस्टर्न आइज' १९६९ मध्ये आले आणि १९७४ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीत, 'सेव्हंटी इयर्स ऑफ बर्डवॉचिंग'. पद्मभूषण जाहीर झाला तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. क्वेकरांनी चालवलेल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत त्यांचे अखेरचे दिवस गेले. त्यांचे चरित्र २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नावच 'बर्ड्स अँड बायनॉक्युलर्स' असे आहे.

आज या गोष्टीचा उपयोग काय?

पाषाणच्या तळ्यावर किंवा ठाण्याच्या खाडीवर रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन उभी असलेली मुले-मुली आज मोबाइलवर 'ई-बर्ड' अॅप उघडतात आणि यादी भरतात. कागदी नकाशाची जागा जीपीएसने घेतली, पण गाभा तोच आहे. ठरलेली जागा, ठरलेला वेळ, पुन्हा पुन्हा फेऱ्या आणि प्रामाणिक नोंद. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल अशाच ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. कोणते पक्षी घटताहेत, हे देशाला हौशी लोकांमुळे कळते आहे.

यादी पाठवण्याआधी ते अॅप एक प्रश्न विचारते : तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिले आहेत का? 'हो' म्हटले तरच ती यादी पूर्ण मानली जाते. कारण सगळे लिहिले असेल तरच जे लिहिलेले नाही, ते त्या दिवशी तिथे दिसले नाही, असा अर्थ काढता येतो. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकून चिमणी-कावळे गाळले, तर त्या यादीतून संशोधकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

११६ वर्षांहून जुन्या त्या नकाशावर दोन भावांनी हेच केले होते. जिथे पक्षी गायला तिथे ठिपका. जिथे गायला नाही, तिथे कागद कोरा ठेवला.